लिनबाईंच्या चहातलं पाणी

पारनेरच्या एस्टी स्टँडसमोर आमचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी, गॅसची भट्टी आणि भट्टीमागं मी. तीस वर्षं झाली, तिथं चहा उकळतेय. अशा बाईनं चहा प्यायला विमानानं तैवानला जावं, यावरून गावात माझी किती चेष्टा झाली म्हणून सांगू! "मंदाकाकू, आपला चहा बाधाया लागला का काय?" असं गिऱ्हाइकं तोंडावर विचारायची. परत आल्यापासून तर रोज कोणी ना कोणी बाकड्यावर टेकतं अन् म्हणतं, "काकू, तिकडचं सांगा की." सांगायला लागलं की दूध उतू जातं. म्हणून म्हटलं, एकदाचं कागदावर उतरवून टाकावं.

जायचं कारण आमची एकुलती एक लेक, ऋतुजा. इंजिनियर होऊन ती तैवानात शिंचू नावाच्या शहरात कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली, त्याला चार वर्षं झाली. तिथंच बरोबर काम करणाऱ्या मिंग नावाच्या मुलाशी तिचं जमलं. आमच्याकडून तसा नकार नव्हता. ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, महिनाभर तोंड फुगवलं. मग एक दिवस व्हिडिओवर मिंग म्हणाला, "नमस्कार काका, जेवलात का?" तेवढ्यावर गडी विरघळला. अडलं होतं ते पलीकडं. मिंगचे वडील नाहीत. आई, लिनबाई, डोंगरातल्या एका गावात चहाघर चालवते. तिनं सांगितलं होतं की मुलीच्या आईला बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आता बघा, आपल्याकडं मुलगी बघायला येतात. तिकडं मुलीची आई बघणार होते. पंचावन्नाव्या वर्षी मला कांदेपोह्यांना बसायचं होतं, तेही परक्या मुलखात. ह्यांना विमानाची धडकी आणि हॉटेल बंद ठेवायची त्याहून मोठी, म्हणून मी एकटीच निघाले.

घाट

शिंचूहून आम्ही गुरुवारी दुपारी निघालो. गाडी मिंग चालवत होता, शेजारी ऋतुजा, मागं मी. मिंग शिडशिडीत, चष्मेवाला, सारखा हसणारा पोरगा. त्याला मराठीचे पन्नासेक शब्द येतात आणि ते तो वेळ-काळ न बघता वापरतो. वळण आलं की "सावकाश, सावकाश" असं स्वतःलाच बजावत होता.

नानतौ जिल्ह्यात शिरलो आणि घाट लागला. गावाचं नाव माझ्या जिभेला तीन दिवसांत जमलं नाही, म्हणून लिहीत नाही. पण हिरवं म्हणजे किती हिरवं असावं! बांबू, सुपारीची झाडं, वर उतारावर कंगव्यानं भांग पाडल्यासारख्या चहाच्या ओळी. आम्ही पारनेरची माणसं. इतकं हिरवं दिसलं की आम्ही आधी पाणी कुठून येतंय ते शोधतो. मी शोधलं. रस्त्याकडेनं काळ्या नळ्यांचे जुडगे डोंगरावरून खाली आले होते. वरच्या झऱ्यांचं पाणी असं नळीनं घरोघर येतं, असं मिंगनं सांगितलं. मोटार नाही, वीज नाही, टँकर नाही. मला तर त्या नळ्यांचाच हेवा वाटला.

एका वळणावर बायका चहा खुडत होत्या. डोक्याला फडकी, वर टोपी, आणि बोटांना चिकटपट्टीनं बांधलेले ब्लेडच्या पात्याचे तुकडे. खटाखट पानं कापत होत्या. मी काच खाली करून हात हलवला तर एकीनं सगळ्या पात्यांसकट हात हलवला. कामातल्या बायका सगळीकडं सारख्याच, थोडं निमित्त मिळालं की हसतात.

तेवढ्यात मिंगनं आरशातून बघत विचारलं, "काकू, तुमचा चहा किती एकर?"

मला वाटलं, पोराचा शब्द चुकला. किती कप म्हणायचं असेल. मी "एकर कसला रे..." म्हणतेय तोवर ऋतुजानं मागं हात घालून माझ्या गुडघ्याला असा चिमटा काढला की मी गप्पच झाले. "आईला गाडी लागलीय," असं काहीतरी तिनं त्याला सांगितलं असावं, कारण त्यानं लगेच गाडी थांबवून मला लिंबाची गोळी दिली. चांगली होती गोळी.

चहाची गल्ली

गाव उतारावर वसलेलं. मधोमध दगडी पायऱ्यांची गल्ली, दोन्ही बाजूंना चहाघरं. संध्याकाळी धुकं उतरलं आणि दिवे लागले तशी गल्ली जत्रेतल्या देवळासारखी उजळली. लिनबाईंकडं दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं होतं. मिंग आईकडं मुक्कामाला गेला आणि मायलेकी आम्ही एका छोट्या चहाघरात शिरलो. वरच्या मजल्यावर राहायची खोलीही तिथंच घेतली होती.

खुर्ची बुटकी, टेबल जाड लाकडाचं, त्यावर जाळीचं ताट. मालकिणीनं डबी उघडून चहा दाखवला. ती काही आपली पावडर नव्हे. पानाच्या वळून केलेल्या गोळ्या, हिरवट काळ्या. मी म्हटलं, "अगं, ह्या तर शेळीच्या लेंड्या!" हे वाक्य ऋतुजानं पुढं पोचवलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

मग त्या बाईनं गोळ्या मुठीएवढ्या किटलीत टाकल्या, उकळतं पाणी ओतलं, आणि ते पहिलं पाणी सरळ ताटात ओतून दिलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालंच. आमच्याकडं एवढा चहा कोणी सांडला असता तर दिवसभर बोलणी खाल्ली असती. ऋतुजा म्हणाली, "आई, पानं धुतली फक्त. खरा चहा आता." कप तीर्थाच्या पळीएवढे. त्याआधी एक उंच नळकांड्यासारखा कप. त्यात चहा ओतायचा, दुसऱ्यात रिकामा करायचा आणि मोकळ्या कपात नाक घालून वास घ्यायचा. मी नाक घातलं. ओल्या गवताचा, फुलाचा, शेवटी दुधाच्या खरवसासारखा वास! आणि प्यायल्यावर दोन मिनिटांनी घशात गोडवा उतरला. साखर नाही, दूध नाही, आलं नाही, तरी गोड. मी कप पुन्हा पुढं केला. लोक एका किटलीवर दोन-दोन तास बसले होते आणि मालकीण कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हती. आमच्याकडं असा कोणी बसला तर मी तीनदा बाकडं पुसते.

खोलीत आल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "आता सांग. एकराचं काय?"

ऋतुजा पलंगावर बसली. आधी उशीला चिमटे काढले, मग बोलली. लिनबाईंना तिनं एकदा सांगितलं होतं, आमच्या घरी चहाचा धंदा आहे. डोंगरातल्या बाईला चहाचा धंदा म्हणजे मळे, हेच डोळ्यांपुढं आलं. त्यांचा चेहरा खुलला. ऋतुजानं ते दुरुस्त केलं नाही. पुढं मळ्याला एकर फुटले, एकराला डोंगर.

"पण का?" मी म्हटलं.

"आई, मागच्या आजारपणात त्यांची चव गेली होती. नंतर आली, पण आता त्यांचाच चहा त्यांना बिघडल्यासारखा लागतो. चहाघर बंद करायचं म्हणतात. त्यांना वाटतं, चहातलं कळणारी जीभ घरात यावी. तू येऊन चाखशील, सांगशील, अशा आशेवर बसल्यात त्या. मी कुठल्या तोंडानं सांगू की..."

पुढचं मला समजलं. एस्टी स्टँडवरची आई, पत्र्याची शेड, हे तिला सांगता आलं नाही. मला लागलं. खोटं कशाला बोलू? ज्या भट्टीवर तिची इंजिनियरिंगची चार वर्षं शिजली, तिचं नाव घ्यायला पोरीला जड गेलं. मी भिंतीकडं तोंड करून झोपले. खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, थेट आपल्या घंटागाडीसारखी, आणि लोक पिशव्या घेऊन पळत सुटले. एरवी मी उठून बघितलं असतं.

लिनबाईंचं टेबल

शुक्रवारी सकाळी गेलो. लिनबाई साठीच्या, आखूड केस, गुडघ्याला पट्टा, चेहरा शाळेतल्या कडक बाईंसारखा. मी नारळ आणि शेंगदाण्याचे लाडू दिले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, वाकल्या आणि लगेच मला टेबलाकडं नेलं. जेवलात का, झोप लागली का, असलं काही नाही. बाई कामाची होती. मला आवडली.

टेबलामागं पाणी ओतणाऱ्याची एक खुर्ची असते. तिथं लिनबाई बसल्या. समोर मी, एका बाजूला ऋतुजा दुभाष्याच्या जागी, दुसऱ्या बाजूला मिंग. लिनबाईंनी चार डब्या मांडल्या. वसंतातला चहा, हिवाळ्यातला, भाजलेला, आणि एक म्हणे वरच्या डोंगरावरचा, सगळ्यांत हलका.

हात काय होता त्या बाईचा! एक थेंब इकडं-तिकडं नाही. किटली कपांवरून फिरवायची ती अशी की सगळ्यांत चहा सारख्याच रंगाचा पडावा. मी मन लावून बघत होते. पण पहिला घोट घेतला आणि आदल्या रात्रीचं ते गोड काही घशात आलंच नाही. चव जाडी. जिभेवर काहीतरी पांघरल्यासारखी. म्हटलं, असेल बाई, आपल्याला काय कळतंय. दुसरा चाखला, जाडा. तिसरा भाजलेला, तरी तेच. चौथा सगळ्यांत हलका म्हणाल्या होत्या, तोही जिभेवर तसाच जड बसला.

मग मात्र माझ्यातली हॉटेलवाली जागी झाली. चार वेगळी पानं एकाच रीतीनं बिघडत नाहीत. मी कप उजेडात धरला. वर बारीक तवंग, कडेला तपकिरी रेघ. हळूच मान लांब करून उकळत्या मोठ्या किटलीत डोकावले. आत पांढरा थर.

हा थर मी ओळखते हो! उन्हाळ्यात आमच्या पातेल्याला हाच बसतो.

लिनबाईंनी कप खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं. ऋतुजा चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून मला म्हणाली, "आई, त्या विचारतात, खरं सांगा, माझ्या चहात काय बिघडलंय. तू फक्त मान डोलाव. मी 'सुरेख आहे' म्हणून सांगते. झाकली मूठ राहू दे."

मी लिनबाईंकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना माणूस बसतं तशा बसल्या होत्या. अशा बाईला सुरेख म्हणायचं?

"सांग त्यांना," मी म्हटलं, "पान चांगलं हाय, हात चांगला हाय. पाणी बदललंय."

ऋतुजानं सांगितलं. लिनबाईंनी मान जोरजोरात हलवली. पाणी तेच, वरच्या झऱ्याचं, चाळीस वर्षं तेच. आणि मग त्यांनी बोट माझ्याकडं करून दुसरं काही विचारलं.

ऋतुजाचं हसू आता मावळलं. "विचारतात, तुम्हाला कसं कळलं? मळ्यात राहणाऱ्या बाईला पाण्याचं एवढं कसं कळतं?"

"मग खरं सांग."

"आई, नको ना. प्लीज."

"ऋतू, ऐक. पानातलं मला काडीचं कळत नाही. पण पारनेरच्या स्टँडवर मी बोअरच्या पाण्याचा चहा केलाय, विहिरीच्या, टँकरच्या, तळ्याच्या, सगळ्या पाण्याचा केलाय. मी खरोखरचं बारा गावचं पाणी प्यालेली बाई आहे. कुठल्या पाण्याला पत्ती किती, हे मला वासावर कळतं. हे सांगितल्याबिगर ती माझ्यावर इस्वास कसा ठेवंल? आन तिनं न्हाई ठेवला, तर ती आपल्याच जिभेला खोटं ठरवील. चांगली जीभ हाय गं तिची. बिघडलंय ते तिला बरोबर कळलंय." रागात आले की मी घरच्या बोलीवर येते.

किटली तेवढी खदखदत होती. मी पोरीकडं बघत होते. चिनी मला एक अक्षर येत नाही. तिनं काहीही सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं, आणि हे तिलाही माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि बोलायला लागली.

पहिल्या वाक्यात मला "पारनेर" ऐकू आलं. मग तिचे हात सुटले. दोन्ही हातांनी तिनं केवढं तरी पातेलं दाखवलं. ढवळून दाखवलं. गाळणी झटकून दाखवली, अगदी मी झटकते तशी, मनगटाला हिसका देऊन. टँकर दाखवला, पिंपांची रांग दाखवली. मध्ये एका जागी तिचा आवाज फुटला, ती थांबली, डोळे पुसले आणि पुन्हा बोलली. तिथं काय म्हणालीस, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "शाळेत मला 'हॉटेलवालीची' म्हणायचे, तेव्हा मी स्टँड चुकवून मागच्या गल्लीनं घरी जायचे. तेही सांगून टाकलं."

ती बोलून थांबली आणि लिनबाई काही म्हणायच्या आत मिंग उभा राहिला. मान खाली. घडाघडा बोलत सुटला. ऋतुजा तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली आणि मग मला सांगायला लागली. पावसात वर दरड कोसळून झऱ्याची नळी तुटली होती. आईला कळलं असतं तर ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन ती स्वतः चढली असती. म्हणून त्यानं गुपचूप खालच्या शेजाऱ्याच्या बोअरची नळी जोडून दिली. पुढच्या सुट्टीत नीट करू, पुढच्या सुट्टीत नीट करू, असं करत दोन महिने गेले. चव गेली म्हणून आई झुरतेय ती ह्याच पाण्यापायी, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिनियर, बरं का!

लिनबाईंनी टेबल पुसायचं फडकं उचललं आणि पोराच्या पाठीत एक, दोन, तीन रट्टे घातले. चौथ्याला त्याच फडक्यात तोंड घालून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला. मला काय करावं ते सुचेना. मी उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिकडं असं करतात की नाही, देव जाणे.

तोंड पुसून त्या उठल्या आणि आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली. ऋतुजा म्हणाली, "आई, बस म्हणतात तिथं. ओतणाऱ्याच्या जागेवर." मग ऋतुजाकडं वळून लिनबाई सावकाश काहीतरी बोलल्या. ऋतुजाचे कान लाल झाले. "म्हणतात, मळेवाले इथं पुष्कळ येतात आणि पानाबद्दल बोलतात. पाणी सांगणारी बाई पहिल्यांदा आली. आणि म्हणतात, मला खोटं सांगितलंस ते मी विसरणार नाही."

"आणि लग्नाचं?"

"आधी पाणी, म्हणाल्या. मग बाकीचं."

नळी

शनिवारी सकाळी मिंग, ऋतुजा आणि मी डोंगर चढलो. लिनबाईंना खाली खुर्चीत बसवून ठेवलं होतं. त्या तिथून हात करून ओरडत होत्या आणि मिंग "हो आई, हो आई" असं चक्क मराठीत म्हणत होता. पायवाट निसरडी. मी एकदा घसरले आणि चिखलात बसकण मारली. ऋतुजा हसली, मग मीही हसले. गुरुवारच्या रात्रीपासून आम्ही दोघी नीट बोललो नव्हतो, ते त्या चिखलात सुटलं.

तुटलेलं टोक सापडलं, पण जोड काही बसेना. मिंगनं जोर लावून लावून हात लाल केले. शेवटी मी ह्यांना व्हिडिओ लावला. पारनेरात नुकतं उजाडत होतं.

"काळी नळी हाय ना?" ह्यांनी डोळे चोळत विचारलं. "मंग जोर काय लावताय? तोंड गरम पान्यात बुडवा. मऊ पडलं की जोडाचं निप्पल आत सारा, आन वरून तार आवळा. त्या जावयाला म्हनावं, चिपा बनवितो आन नळी जोडता येत न्हाई व्हय?"

ऋतुजा पळत खाली गेली आणि चहाघरातला उकळत्या पाण्याचा थर्मास घेऊन आली. नळीचं तोंड बुडवलं, निप्पल सरकन आत गेलं. तारेला मिंगनं पीळ दिला. नळी थरथरली, खोकली, आणि खालून लिनबाईंची आरोळी ऐकू आली. "ह्ये असं!" म्हणून ह्यांनी फोन ठेवला. जावई म्हटलेलं त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

खाली येईपर्यंत लिनबाईंनी मोठी किटली घासून लख्ख केली होती. आधी बराच वेळ पाणी वाहू दिलं. मग चौथ्या डबीतला, तो सगळ्यांत हलका चहा काढला. उंच कप आधी मला दिला. मी तो परत त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग चहा प्यायल्या आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. घशात गोडवा यायला दोन मिनिटं लागतात, मला माहीत होतं. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, स्वतःच्या जिभेला बोट लावलं आणि आम्हाला दाखवत लहान पोरीसारख्या हसल्या.

लग्नाचं मात्र अवाक्षर नाही. मिंग आणि ऋतुजा एकमेकांकडं बघत बसले. लिनबाई आत जाऊन चांगला सदरा घालून आल्या, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, चला, बाजार.

बाजार

त्या गावाला शनिवारी रात्रीचा बाजार भरतो. आपला आठवडी बाजारच, फक्त ऊन उतरल्यावर. टेम्पो येतात, मोकळ्या पटांगणात दुकानं मांडतात, उद्या दुसऱ्या गावाला. फरक इतकाच की आपण बाजारातून भाजी घरी आणतो आणि ही माणसं घरचं जेवणच बाजारात करतात. सगळं गाव हातात काडी नाहीतर वाटी घेऊन चालत होतं. फुगे फोडायचे खेळ, रिंगा टाकायचे खेळ, चपला, कंगवे, आजोबांच्या बंड्या, आणि सगळीकडं तळण.

पहिल्याच वळणावर असा वास आला की मी पदर नाकाला लावला. वाटलं, गटार फुटलं. ते आंबवलेलं तोफू होतं, सोयाबीनचं पनीर म्हणा ना. मिंगचं ते जीव की प्राण. मी म्हटलं, बाबा, तुझं सगळं मान्य, एवढं सोडून.

मी शनिवार धरते. ऋतुजाला वाटलं, आई उपाशी राहणार. पण पुढं एक बाई पिवळे गोळे तळत होती. कढईत झाऱ्यानं दाबायची, सोडायची, की गोळे टम्म फुगायचे. चौकशी केली. रताळं, साबुदाण्याच्या जातीचं कंदाचं पीठ, साखर. बास! तैवानच्या डोंगरात मला उपवासाचा पदार्थ मिळाला. मी दोन पुड्या खाल्ल्या. पलीकडं एक आजोबा शेंगदाण्याच्या चिक्कीची मोठी लादी सुताराच्या रंध्यानं तासत होते. तो भुसा पातळ पोळीवर, त्यावर आइस्क्रीमचे गोळे आणि वर कोथिंबीर! मी म्हटलं, शेंगदाणे, कोथिंबीर, दूध, सगळं उपवासाला चालतं. ऋतुजा म्हणाली, पोळी मैद्याची आहे. मी म्हटलं, मला दिसली नाही.

लिनबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. गुडघ्यासाठी आधार घेतायत असं मला वाटलं. चिक्कीवाल्या आजोबांपुढं त्या थांबल्या, मला पुढं केलं आणि मोठ्यानं एक शब्द बोलल्या, "छिंगच्यामू." आजोबांनी रंधा खाली ठेवला, दोन्ही हात जोडून वाकले आणि मिंगला टाळी दिली. मी मागं वळून ऋतुजाकडं बघितलं. ती जागच्या जागी उभी होती, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"काय म्हणाल्या गं?"

"विहीणबाई," ती म्हणाली. "ही माझी विहीणबाई, असं म्हणाल्या."

एवढ्या बाजारात, सगळ्या तळणाच्या वासात, अशी बातमी कोणी सांगतं का? मी लिनबाईंना मिठीच मारली. हात चिकट, चिक्कीचे. त्यांच्या चांगल्या सदऱ्याला लागले, लागू देत.

आजोबांनी मग ऋतुजाला काहीतरी विचारलं. मी कान टवकारले. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं, ताठ उभी राहिली आणि बोलली. त्यात "पारनेर" होतं. दोन्ही हातांनी मोठं पातेलं होतं. गाळणीला मनगटाचा हिसका होता. आजोबा "आऽऽ" म्हणाले आणि मला अंगठा दाखवला. मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईकडं गेलो, लिनबाई "छिंगच्यामू" म्हणाल्या, बाईनं विचारलं, आणि ऋतुजानं पुन्हा तेच सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. फुगेवाल्याकडं तेच. चपलावाल्याकडंही तेच.

लिनबाईंचा गुडघा दुखायला लागला होता. मिंग म्हणाला, "काकू, पुरे? घरी?"

बाजार अजून निम्मा बाकी होता. मी म्हटलं, "विहीणबाईंना खुर्ची दे बाबा. ऋतू, तू चल. त्या टोकापर्यंत जाऊन येऊ."